थॉमसन की थॉम्पसन? एका पितृवाचक आडनावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे आडनाव मराठी वाचकाला कधी पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात भेटते, तर कधी क्रिकेटच्या जुन्या धावफलकात. ते कधी ‘प’सह छापलेले असते, कधी ‘प’शिवाय. साहजिकच बहुतेक प्रश्न या एका ‘प’भोवती फिरतात, आणि त्यांची उत्तरेही सर्वांत रंजक आहेत. त्यामुळे इतर प्रश्नांपेक्षा त्यांना येथे अधिक जागा दिली आहे.

या आडनावाचा अर्थ काय?

थॉमसचा मुलगा, एवढाच. ‘सन’ म्हणजे पुत्र, आणि त्याआधी आलेले ‘थॉम’ हे थॉमस या नावाचे लघुरूप. वडिलांच्या नावावरून बनलेल्या अशा आडनावाला पितृवाचक आडनाव म्हणतात. रॉबर्टसन, विल्सन, जॅक्सन, अँडरसन ही सारी याच घडणीची आडनावे होत. मात्र हा थॉमस कोणी एक मूळपुरुष नव्हे. मध्ययुगात ब्रिटनमधल्या गावोगावी थॉमस नावाची माणसे होती आणि त्यांच्या मुलांना शेजारीपाजारी ‘थॉमसचा मुलगा’ म्हणून ओळखत असत. त्यामुळे हे आडनाव एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य घरांत स्वतंत्रपणे जन्मले.

मग थॉमस या नावाचा मूळ अर्थ कोणता?

थॉमस हा अरामी भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ ‘जुळा’ असा आहे. येशूच्या बारा प्रेषितांपैकी एकाला हे नाव होते. योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्या नावासोबत ‘दिदुम’ असेही येते, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही ‘जुळा’ हाच. म्हणजे मुळात ते बहुधा विशेषनाम नव्हतेच, ओळखीसाठी जोडलेले उपनाव होते.

या हिशेबाने थॉमसन म्हणजे ‘जुळ्याचा मुलगा’ असे कोणी सांगू लागले, तर शब्दार्थाने ते चूक ठरणार नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते फसवे आहे. आपण पांडुरंग नावाच्या मुलाला हाक मारताना त्याच्या अंगाच्या रंगाचा विचार करीत नाही. त्याचप्रमाणे तेराव्या शतकातल्या यॉर्कशायरच्या शेतकऱ्याने मुलाचे नाव थॉमस ठेवले, ते एका संताचे नाव म्हणून.

हे नाव ब्रिटनमध्ये इतके लोकप्रिय केव्हा झाले?

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्यापूर्वी थॉमस हे नाव तेथे जवळपास धर्मगुरूंपुरतेच मर्यादित होते. नॉर्मनांसोबत ते वाढू लागले. त्यांनी यॉर्कच्या आर्चबिशपपदी बसवलेला पहिला माणूसच थॉमस ऑफ बेयो हा होता. पण नावाला खरी भरती आली ती एका खुनामुळे. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट आणि राजा दुसरा हेन्री यांच्यातला कलह विकोपाला गेला आणि २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या सरदारांनी बेकेट यांना खुद्द कॅथीड्रलमध्ये ठार मारले. ११७३ मध्ये, म्हणजे अवघ्या सव्वादोन वर्षांत, पोपने त्यांना संत घोषित केले आणि कँटरबरी हे युरोपातले एक मोठे तीर्थक्षेत्र बनले.

स्कॉटलंडच्या दृष्टीने याहून महत्त्वाची तारीख ११७८ ही आहे. त्या वर्षी स्कॉट राजा विल्यम ‘द लायन’ याने आर्ब्रोथ येथे मठ स्थापन केला आणि तो बेकेट यांनाच अर्पण केला. एका इंग्लिश आर्चबिशपाच्या नावाने स्कॉट राजाने मठ उभारावा, हे आज विचित्र वाटेल. पण विल्यम स्वतः दुसऱ्या हेन्रीच्या कैदेतून नुकताच सुटलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भक्तीमागचा एक धागा उलगडतो. अशा रीतीने दोन्ही देशांत थॉमस हे घरोघरचे नाव झाले, आणि जे नाव घरोघरी असते त्यावरून आडनावेही पुष्कळ निघतात.

‘अमक्याचा मुलगा’ या ओळखीचे कायमचे आडनाव कधी झाले?

मराठी वाचकाला ही प्रक्रिया समजायला सोपी आहे. आपल्या मोडी कागदपत्रांत ‘अमुक बिन तमुक’ अशी ओळख येते. त्या काळच्या ब्रिटनमधील लॅटिन दस्तऐवजांत ‘बिन’च्या जागी ‘फिलियस’ हा शब्द असे. बोलताना लोक त्याचे ‘सन’ करीत. ही ओळख प्रत्येक पिढीत बदलणे अपेक्षित होते: थॉमसचा मुलगा जॉन हा थॉमसन, पण जॉनचा मुलगा जॉन्सन. जमीन, वारसा आणि कर यांच्या नोंदी वाढल्या, तसे हे फिरते नाव एका पिढीवर येऊन थांबले आणि मुलाने बापाचे नाव नव्हे, तर बापाचे आडनाव चालवायला सुरुवात केली. बहुतेक ठिकाणी हे तेराव्या ते पंधराव्या शतकांत घडले. स्कॉटलंडमधील जुन्या नोंदींपैकी एक १३१८ ची असून ती नैर्ऋत्य स्कॉटलंडमधील कॅरिक या भागातल्या लोकांचे नेतृत्व करणाऱ्या जॉन थॉमसन याची आहे; स्कॉट राजा रॉबर्ट ब्रूस याचा भाऊ एडवर्ड ब्रूस याच्या आयर्लंडमधील लढाईत तो होता.

शेटलंड बेटांवर मात्र ही गाडी फार उशिरा थांबली. ही बेटे १४६९ मध्ये डॅनिश-नॉर्वेजियन राजाने मुलीच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडकडे गहाण टाकली. ती पुन्हा कधी सोडवलीच गेली नाहीत, पण तेथील नॉर्स वळणाची, पिढीगणिक बदलणारी पितृनामे एकोणिसाव्या शतकापर्यंत तग धरून राहिली. त्यामुळे शेटलंडमधला एखादा थॉमसन १७९० च्या सुमाराचा असेल, तर त्याच्या वडिलांचे नाव खरोखरच थॉमस असण्याची शक्यता बरीच आहे.

‘सन’ हा प्रत्यय सगळ्या ब्रिटनमध्ये सारखाच आढळतो का?

नाही. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडचा सखल प्रदेश ही ‘सन’ची मुख्य भूमी होय, तेथील स्कँडिनेव्हियन वसाहतींचा प्रभाव हे त्याचे एक कारण मानले जाते. दक्षिण इंग्लंडमध्ये नावाला नुसता ‘स’ लावण्याकडे कल होता. वेल्समध्ये नावाआधी पुत्रवाचक ‘आप’ येई. तो गळाला आणि थॉमस हेच आडनाव म्हणून उरले. स्कॉटलंडच्या गेलिक बोलणाऱ्या डोंगराळ भागात ‘मॅक’ होता, त्याविषयी पुढे पाहू.

थॉम्पसनमधला ‘प’ आला कोठून? मूळ नावात तर तो नाही.

तो कोणी ठरवून घातलेला नाही. तो ओठांनी घातला आहे, आणि हीच करामत मराठी बोलणाऱ्यांच्या पूर्वजांच्या ओठांनीही केली आहे.

‘म’ उच्चारताना ओठ मिटलेले असतात, मऊ टाळू खाली असल्याने हवा नाकातून जाते आणि स्वरतंतू कंप पावत असतात. त्यापुढच्या ‘स’साठी याच्या नेमके उलट हवे: ओठ उघडे, नाकाची वाट बंद आणि कंप थांबलेला. या तीन हालचाली एकाच क्षणी झाल्या तर ‘थॉमसन’ असा स्वच्छ उच्चार निघतो. पण नाकाची वाट बंद होऊन कंपही थांबला आणि ओठ मात्र क्षणभर उशिरा उघडले, तर त्या क्षणी जो आवाज होतो तो ‘प’चाच असतो, दुसरा होऊच शकत नाही.

आता आपल्याकडे पाहा. संस्कृत ‘आम्र’ या शब्दात ‘ब’ नाही, तरी प्राकृतात त्याचा ‘अंब’ झाला आणि मराठीत ‘आंबा’. ‘ताम्र’चे ‘तांबे’ झाले. ‘अम्ल’पासून आलेल्या ‘आंबट’मध्येही तोच आगंतुक ‘ब’ बसला आहे. येथे ‘प’ न येता ‘ब’ का आला, याचेही उत्तर वरच्या वर्णनातच आहे: ‘र’ आणि ‘ल’ हे घोष वर्ण असल्याने कंप चालू राहतो, आणि कंपासह ओठ उघडले की ‘ब’ होतो. इंग्रजी नावातला ‘स’ अघोष आहे, म्हणून तेथे ‘प’. व्याकरणकार याला वर्णागम म्हणतात. थॉम्पसनमधला ‘प’ आणि हापूस आंब्यातला ‘ब’ हे या अर्थाने सख्खे भाऊ ठरतात, असे म्हणायला हरकत नाही.

इंग्रजीत याची इतर उदाहरणेही आहेत. ‘रिकामा’ या अर्थाचा ‘एम्प्टी’ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘प’शिवाय होता. सायमनचे लघुरूप ‘सिम’, त्यावरून सिमसन आणि सिम्पसन. टॉमवरून टॉमकिन आणि टॉम्पकिन. निवाडा देणाऱ्यासाठी असलेल्या शब्दावरून आलेल्या डेम्पस्टर या स्कॉटिश आडनावातला ‘प’ही याच मार्गाने आला.

‘प’ नसेल तर स्कॉटिश आणि ‘प’ असेल तर इंग्लिश, हे खरे का?

ढोबळ कल म्हणून खरे, एखाद्या व्यक्तीविषयीचा पुरावा म्हणून निरुपयोगी. स्कॉटलंडमध्ये थॉमसन हे सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या दहा आडनावांत येते आणि तेथे ‘प’शिवायचे रूप स्पष्टपणे वरचढ आहे. इंग्लंडमध्ये थॉम्पसन पहिल्या वीसांत आहे. एवढ्यावरून लोक नियम बनवतात, आणि तो लगेच कोसळतो.

सजीवांचे आकार आणि गणित यांची सांगड घालणारे प्राणिशास्त्रज्ञ डार्सी वेंटवर्थ थॉम्पसन १८६० मध्ये एडिंबरोत जन्मले, म्हणजे अस्सल स्कॉटिश भूमीत, आणि त्यांच्या नावात ‘प’ आहे. इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन १८५६ मध्ये मँचेस्टरजवळ जन्मले, आणि त्यांच्या नावात ‘प’ नाही. उत्तर अमेरिकेचे विस्तीर्ण प्रदेश मोजून नकाशे करणारे डेव्हिड थॉम्पसन लंडनमध्ये जन्मले खरे, पण त्यांचे आईवडील वेल्सचे होते. म्हणजे त्यांचा ‘प’ धड इंग्लिशही नाही.

क्रिकेटप्रेमी वाचकांसाठी आणखी एक उदाहरण देतो. १९७७-७८ मध्ये भारतीय संघ ऑस्ट्रेलियात पाच कसोटी सामने खेळला आणि मालिका ३-२ अशी हरला. त्या ऑस्ट्रेलियन संघात वेगवान गोलंदाज जेफ थॉमसन होते आणि एकेचाळीस वर्षांचे बॉबी सिम्पसन निवृत्तीतून परतून कर्णधारपद सांभाळत होते. सिम्पसन यांचे आईवडील स्कॉटलंडहून ऑस्ट्रेलियात आलेले. ‘प’ हे इंग्लिशपणाचे चिन्ह असते, तर या स्कॉटिश घराच्या नावात तो काय करत होता? खरे कारण इतकेच की नोंद करणारा कारकून किंवा पाद्री जसे ऐकू येई तसे लिहीत असे, आणि शुद्धलेखन स्थिरावण्यापूर्वी एकाच माणसाचे नाव बारशाच्या नोंदीत एक आणि लग्नाच्या नोंदीत दुसरे असणे अगदी सामान्य होते.

उच्चार कसा करावा, आणि मराठीत कसे लिहावे?

इंग्रजीत या नावाची सुरुवात ‘थ’ने नव्हे, तर ‘ट’सारख्या ध्वनीने होते. ग्रीक आणि लॅटिनमधून आलेली अक्षरजोडी लिखाणात टिकली, उच्चारात टिकली नाही. थॉम्पसनमधला ‘प’ही बहुतेक लोकांच्या तोंडी जाणवेल न जाणवेल इतकाच असतो, त्यामुळे दोन्ही रूपे कानाला सारखीच लागतात. मराठीत लिपीवरून ‘थ’ रूढ झाला आहे आणि तो आता बदलण्यात अर्थ नाही. गंमत एवढीच की थॉमसला ‘थ’ देणारे आपण त्याच्या लघुरूपाला मात्र बिनचूक ‘टॉम’ म्हणतो. माझे मत असे आहे की लिहिताना व्यक्तीच्या स्वतःच्या लेखनाप्रमाणे ‘प’ ठेवावा किंवा गाळावा, कारण लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले जाणारे विल्यम थॉमसन यांना थॉम्पसन केले की संदर्भ शोधणाऱ्याची दिशाभूल होते.

मॅकटॅविश आणि मॅकथॉमस ही नावे याच कुटुंबातली आहेत का?

अर्थाने होय. गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे पुत्र. थॉमस हे नाव त्या भाषेत गेल्यावर एका रूपात मधला ‘म’ मऊ होऊन ‘व’सारखा झाला, आणि त्यातून मॅकटॅविश आले. हेही आपल्याला परके नाही: ‘ग्राम’चे ‘गाव’ आणि ‘नाम’चे ‘नाव’ होताना मराठीत हेच घडले, म्हणजे ‘आडनाव’ या शब्दातच त्याचा पुरावा आहे. दुसऱ्या एका रूपात आरंभीचा ‘थ’ जवळजवळ विरला आणि मॅककोमिश, मॅककोम्बी अशी नावे झाली, ज्यांत थॉमस ओळखूही येत नाही.

आर्गाइलमधील मॅकटॅविश घराण्यातल्या अनेकांनी इंग्रजीचा प्रभाव वाढल्यावर आपले नाव थॉमसन किंवा थॉम्पसन असे लिहायला घेतले. आडनावाचे असे सरळ भाषांतर झालेले असले, की सखल प्रदेशातला थॉमसन आणि डोंगराळ प्रदेशातला थॉमसन कागदावर वेगळे काढता येत नाहीत. मॉन्ट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनी या फर-व्यापारी कंपनीचे सूत्रधार सायमन मॅकटॅविश आणि १७९७ मध्ये त्याच कंपनीत आलेले वर उल्लेखिलेले डेव्हिड थॉम्पसन यांच्या आडनावांचा अर्थ एकच होता.

थॉमसन ही एक स्कॉटिश कुळी आहे का? तिचे मानचिन्ह असते का?

सगळ्या थॉमसनांची मिळून एक कुळी, म्हणजे क्लॅन, नाही. काहींचा संबंध मॅकटॅविशांशी, काहींचा ग्लेनशीच्या मॅकथॉमसांशी जोडला जातो, तर बहुसंख्यांचा कोणाशीच नाही. सीमाप्रदेशात मात्र थॉमसनांचा एक दंडेल गट होता: १५८७ च्या स्कॉटिश संसदेने ज्या घराण्यांवर वचक बसवण्यासाठी यादी केली, तीत पश्चिम सीमेवरच्या घराण्यांमध्ये थॉमसनांचे नाव आहे. गुरे पळवणे आणि सूड उगवणे हा त्या भागाचा जणू जोडधंदाच होता.

मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, ते व्यक्तीला आणि तिच्या वारसाला मिळते. स्कॉटलंडमध्ये त्यावर लॉर्ड ल्यॉन या अधिकाऱ्याचे कायदेशीर नियंत्रण आहे. पर्यटकांच्या दुकानांत ‘थॉमसन घराण्याचे चिन्ह’ म्हणून विकली जाणारी पाटी भिंतीवर शोभेल. वंशावळीत तिला काही स्थान नाही.

मुलींचे काय? त्या ‘सन’ कशा?

सुरुवातीला नव्हत्याच. मध्ययुगीन उत्तर इंग्लंडच्या करनोंदींत ‘डॉटर’ जोडलेली स्त्रियांची नावे सापडतात आणि शेटलंडमध्ये ‘थॉमसडॉटर’ हे रूप दीर्घकाळ चालले. आडनाव वंशपरंपरागत झाल्यावर पुरुषाचा प्रत्यय सर्वांच्या गळ्यात पडला. आइसलँडमध्ये आजही मुलगा टोमासॉन आणि मुलगी टोमासडोत्तिर असते.

ब्रिटनबाहेरचे सगळे थॉम्पसन मूळचे ब्रिटिश असतात का?

नाही. डेन्मार्कमधील थॉमसेन हे नाव घेऊन अमेरिकेत गेलेल्या अनेकांनी शेजाऱ्यांच्या सोयीचे थॉम्पसन स्वीकारले. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत थॉम्पसन पहिल्या पंचवीस आडनावांत होते आणि ते लावणाऱ्यांत आफ्रिकी वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत. गुलामगिरीच्या इतिहासातून ब्रिटिश आडनावे त्यांच्याकडे आली, रक्ताच्या नात्यातून आलीच असे नाही. उत्तर आयर्लंडमधले थॉम्पसन बरेचसे सतराव्या शतकात अल्स्टरमध्ये वसवलेल्या स्कॉट लोकांचे वंशज आहेत. केल्विन यांचा जन्मही १८२४ मध्ये बेलफास्टचाच.

या नावाचा महाराष्ट्राशी किंवा गोव्याशी काही संबंध आहे का?

आडनावाचा थेट संबंध नाही, पण त्यामागच्या संताचा आहे, आणि तो मुंबईकर रोज उच्चारतात. फोर्ट भागातले सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. कोटाच्या ज्या दरवाजातून तेथे जाता येई त्याला चर्चगेट म्हणत. तटबंदी पाडल्यावर त्या दरवाजाच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले, आणि नाव पुढे पश्चिमेच्या रेल्वे स्थानकाला मिळाले. केरळमधील ख्रिस्ती परंपरेनुसार हाच प्रेषित थॉमस इसवी सन ५२ मध्ये मलबार किनाऱ्यावर उतरला. तेथे थॉमस हे नाव, विविध मल्याळी रूपांसह, आजही घरोघरी आहे.

गोवा आणि वसईतल्या ख्रिस्ती आडनावांत पितृवाचक घडण दिसते ती पोर्तुगीज मार्गाने. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा, रॉड्रिग्स म्हणजे रॉड्रिगोचा. अर्थात येथे ती नावे बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली आहेत, म्हणून त्यांवरून कोणा फर्नांडोचा शोध घेणे व्यर्थ आहे.

या आडनावाच्या पूर्वजांचा शोध घ्यायचा असेल तर कोठून सुरुवात करावी?

देश आधी ठरवावा, कारण नोंदींची व्यवस्था वेगळी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून, तर स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्यापूर्वीसाठी चर्चची दप्तरे पाहावी लागतात: इंग्लंडमध्ये ती १५३८ पासून ठेवण्याचा हुकूम होता, स्कॉटलंडमधले सर्वांत जुने दप्तर १५५३ चे आहे. स्कॉटिश नोंदी ‘स्कॉटलंड्सपीपल’ या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येतात. मुंबई इलाख्यात जन्मलेल्या, विवाह झालेल्या किंवा मरण पावलेल्या ब्रिटिशांच्या चर्च-नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

शोधताना ‘प’सह आणि ‘प’शिवाय, तसेच आरंभी ‘थ’ऐवजी नुसता ‘ट’ असलेली रूपेही तपासावीत. स्कॉटिश नोंदींत विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव बहुधा दिलेले असते, ही मोठी सोय आहे. शिवाय तेथे थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याची चाल होती. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडची रीत माहीत असणाऱ्याला तिचा उपयोग लगेच कळेल. अडचण फक्त तेव्हा येते, जेव्हा एकाच परगण्यात थॉमस थॉमसन नावाचे तीन चुलत भाऊ निघतात. मग नावाचा नाद सोडून शेताचे नाव, धंदा आणि साक्षीदारांच्या सह्या पाहाव्या लागतात.